खिडकीवालीचा रूट

सुग्या, पहिले एक गोष्ट क्लिअर करून टाकू. ॲनिमे वाईट नव्हता.

माहीत हाये, तू असता तं आत्ता फोन हिसकला असता अन् म्हणला असता, गप बे स्किप्या. पण तू नाहीस, तं आज मले पूर्ण बोलू दे. ॲनिमेचं ओपनिंग भारी होतं. समुद्राचा रंग भारी होता. त्या पोहणाऱ्या पोरीच्या शर्यतीचा जो एपिसोड हाये, त्यात सगळा आवाज बंद होते अन् फक्त तिचा श्वास ऐकू येते, तो आजही लावला तं माह्या अंगावर काटा येते. ज्या गेमवरून तो काढला, त्यात तिथी काय होतं? एक निळं चित्र अन् खाली अक्षरं. तू म्हणे, चित्र हलत नाही म्हणूनच तं आपण आतून हलतो. मले तेव्हा नव्हतं पटलं. आजही पुरं पटलं नाही. पण मुद्दा तुहा होता, तुह्या नावानं लिहून ठेवतो.

तू रविवारी पहाटे गेला. आज शुक्रवार. काल मी खामगावले सेंटरवर जाऊन आलो, एकटा. तिथी जे झालं ते तुले सांगणं भाग हाये, कारण आपलं भांडण त्यावरच अडकलं होतं. पण मले सरळ सांगता येत नाही. मी मधातूनच सुरू करतो अन् मंग मागं पळतो. हे आपल्या ग्रुपवरही टाकणार हाये. ग्रुपवाल्या पोट्ट्यांनो, गेमचं नाव लिहीत नाही. कमेंटमधी विचारू नका. सुग्याले स्पॉयलर आवडत नव्हते अन् इथी तं सगळेच स्पॉयलर हायेत.

आपली पहिली भेट आठवते का? जळगाव जामोदहून कॉलेज सुटल्यावरची गावाची बस. तू खिडकीपाशी, मी मागच्या सीटवर. मी तुह्या फोनात डोकावलो तं एक पोरगी उभी, खाली इंग्रजीत दोन ओळी. तू बोट लावलं, ओळी बदलल्या, पोरगी तिथीच. मी म्हणलं, फोन हँग झाला का बे?

तू मागं न पाहता म्हणला, "नाही, ती विचार करून राह्यली."

मी म्हणलं, किती वेळ?

"तिचा बाप मेला हाये. करू दे ना थोडा वेळ."

मले इतकं हसू आलं. कंडक्टरनंही वळून पाह्यलं. पण माहं गाव येईलोक मी तुह्या खांद्यावरून वाचतच होतो, अन् उतरताना म्हणलं, हे मले पाठव.

व्हिज्युअल नॉवेल म्हणजे काय हे मी तेव्हापासून किती लोकाईले समजावलं अन् किती जणांनी मले येडं ठरवलं. गोळ्या नाही, गाड्या नाही, पळापळ नाही. वाचाचं. मधीच एखादा प्रश्न येते, तिच्यासंग जाशील का घरी जाशील? तू जे दाबशील त्यावरून गोष्टीले फाटा फुटते. एका पोरीचा एक रस्ता, त्याले रूट म्हणते. एक रूट संपला की पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या पोरीकडं. आपल्या गेममधी समुद्रकाठचं एक गाव, बंद पडलेलं दीपगृह, अन् तीन पोरी. त्यांची जपानी नावं आपल्या जिभेवर बसत नव्हती म्हणून आपण बारसंच केलं. लायब्ररीवाली, पोहणारी, अन् दवाखान्याच्या खिडकीत बसून राहणारी ती खिडकीवाली.

तू बारावीतच तिन्ही रूट करून बसला होता. मी फक्त त्याच गेमवरचा ॲनिमे पाह्यला होता, बारा एपिसोडचं जपानी कार्टून. म्हणून भांडण पहिल्या दिवसापासून.

तुहं म्हणणं, ॲनिमेवाल्यानं हिरोले थोबाड देलं अन् तिथीच गेम मेला. गेममधी हिरो दिसतच नाही, तो म्हणजे आपण. ॲनिमेत तो एक केसं उभे असलेला चिकना पोट्टा होते अन् आपण झालो बघे. दुसरं, कॉमन रूट कापला. सुरुवातीचा तो लांब भाग, ज्याच्यात काईच होत नाही. वर्ग झाडणं, बशीची वाट पाहणं, पावसानं भिजलेले जोडे वाळत घालणं. मी ते सगळं बटण दाबून पळवत होतो, म्हणून तं तू माहं नाव स्किप्या ठेवलं. तू म्हणे, "तो टाइमपास नाही बे. तोच तं माल हाये. पुढं जे होते ते याच्यामुळं दुखते." ॲनिमेनं ते सगळं अर्ध्या एपिसोडात गुंडाळलं. लायब्ररीवालीचा तं रूटच खाल्ला, तिले नुसती हासवाले ठेवली.

मी म्हणे, बारा एपिसोडात तीन रूट बसवून दाखव तू. तू म्हणे, नाही बसत तं बनवू नये. याच्यावर आपण नांदुऱ्याच्या स्टँडवर इतक्या जोरात भांडलो की एक बुढा म्हणला, पोराईनो, वावराचा वाद हाये का? तू म्हणला, हाव बाबा, धुऱ्याचा. यानं बांध कोरला.

मंग सेकंड इयरले तुहं तोंड सुजाले लागलं.

पुढचं लोकाईले माहीत हाये. आपल्या पट्ट्यात कोणाले सांगा लागत नाही. खारं पाणी. डॉक्टर म्हणते पाण्यानंच झालं असं ठासून सांगता येत नाही, पण गल्लीगल्लीत ज्याले विचाराल तो सांगते कोणाच्या घरी कोणाची किडनी गेली. गेममधल्या खिडकीवालीले कोणता आजार हाये हे गेमवाल्यानं शेवटलोक सांगितलं नाही. तू म्हणे, "तिच्या आजाराले नाव नाही. आपल्याकडं नाव हाये, कारण हाये, फक्त प्याले दुसरं पाणी नाही." हे तू हासून म्हणला होता. मले तेव्हाही हासता नव्हतं आलं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. बशीनं खामगावले जाणं, डायलिसिसच्या मशीनवर पडणं, परत येणं. काकू अंगणवाडीत, तुहे बाबा ऑटोवर, अन् मी डिग्री घेऊन रिकामा, म्हणून मी तुह्यासंग. लोक म्हणे काय दोस्ती हाये. मी म्हणे, दोस्ती कायची, त्याच्या फोनात गेम हाये. तुह्या डाव्या हातात सुया, उजव्या हाताले बीपीचा पट्टा. फोन धरणार कोण? मी. म्हणून मी धरून वाचू लागलो, तू ऐकू लागला. पहिले इंग्रजीतच वाचत होतो. हिरोच्या मनातलं तू बोले, पोरी मी. माह्या पोरींच्या आवाजावर तू किती हासला होता, मशीन वाजाले लागलं होतं अन् सिस्टर पळत आली होती.

अन् बाजूच्या बेडवर शेवंता आजी.

संग्रामपूरकडची, तुह्या कितीक आधीपासून मशीनवर. एक दिवस डोळे बंद करूनच म्हणली, "ए लेकरा, एक तं गप बस, नाई तं मराठीत वाच. अर्धं अर्धं कानात पडते, जीव अटकून राहते."

तिथून सुरू झालं आपलं भाषांतर. तयारी नाही, काई नाही. ओळ पाह्याची अन् वऱ्हाडीत ओतायची. 'सेन्पाई' आलं की तू म्हणे दादा कर. त्यांचा भात आला की भातच, पण त्या आंबवलेल्या काळ्या शेंगदाण्यासारख्या वस्तूले आजी म्हणली, ते खराब झालेलं दिसते, पुढं चाल. हिरो तं तिच्या डोक्यातच जाए. "हे पोट्टं घडीघडी तिच्यापाशी जाते अन् पाण्यापावसाचं बोलून वापस येते. याच्या घरी काई काम नाही का?" तू म्हणला, आजी, तो लाजून राह्यला. तं म्हणे, "लाजून राह्यला तं घरी लाज म्हणा. बिचारीले उन्हात काऊन उभं करतं?"

प्रश्न आला की आपण मत घेत होतो. ज्याले ज्याले ऐकू येते त्यानं हात वर कराचा. सुया नसलेला हात. आजीचं मत डबल, कारण ती सगळ्यात जुनी. पोहणारीले खरं सांगाचं का नाही, याच्यावर अख्खा हॉल दोन गटात झाला अन् सिस्टरही फाइल धरून उभी राह्यली. तू माह्याकडं पाह्यलं. तेव्हाचं तुहं तोंड माह्या डोक्यात फोटोसारखं हाये. सुजलेलं, पिवळं, अन् इतकं खुश की मले रडू येऊन राह्यलं होतं. मी फोनात पाहत राह्यलो. सांगितलं नाही तुले कधी. आज सांगून राह्यलो.

अन् हेही सांगू का? मी लहानपणापासून कोणतीच गोष्ट शेवटपर्यंत केली नाही. क्लास सोडला, जिम सोडली, स्पर्धा परीक्षेचं पुस्तक उघडलंही नाही. पोहणारीचा रूट ही मी पुरी वाचलेली पहिली गोष्ट. अक्षर न् अक्षर. ते तुह्यामुळं अन् त्या बुढीमुळं.

आता ती सेंटरवरची रीत. ग्रुपवाल्यांसाठी लिहितो, तुले तं माहीतच हाये. तिथी कोणी आलं नाही तं विचारत नाही. बेड रिकामा राहत नाही, त्याच टायमाले दुसरं कोणी येऊन पडते. सगळे नव्याले पाहते, अन् मंग एकजण म्हणते, शिफ्ट बदलली वाटते त्याची. बाकीचे हाव म्हणते. विषय संपला. आपल्या समोरच्या बेडवर ते रिटायर मास्तर होते, लायब्ररीवालीच्या बाजूनं नेहमी हात वर करणारे. एका मंगळवारी तिथी एक बाई होत्या. सिस्टर म्हणली, मास्तरची शिफ्ट बदलली. आजीनं हाव म्हणलं अन् तोंडावर पदर घेतला. मी येडा, मले खरंच वाटलं सकाळची झाली. बशीत तू समजावलं, मास्तर गेले. मंग खिडकीबाहेर पाहून म्हणला, "ॲनिमेवाले इथी बी पोचले."

मले तो जोक तेव्हा नाही समजला. शनिवारी समजला.

म्हणजे मागच्या शनिवारी. आपला शेवटचा दिवस.

दोन रूट संपले होते, खिडकीवालीचाच राह्यला होता. तू लांबवत होता. आजी दर खेपेले विचारे, त्या खिडकीतल्या पोरीचं काऊन नाही वाचत? तू म्हणे, तिचं शेवटीच वाचाचं असते. मले वाटे तू भेतं. मंग तू काढला वाचाले. अर्धा झाला. काय लिहिलं होतं बाप्पा. ॲनिमेत तिचे केस कसे वाऱ्यावर उडते, आजारी हाये पण गाल गुलाबी. तू म्हणे, "ही कधी ओकत काऊन नाही? हिले खाज काऊन नाही येत?" गेममधी ती चिडते. भेटाले आलेल्याले हाकलून लावते. अंगाले दवाईचा वास येते म्हणून खिडकी उघडून बसते, समुद्र पाहाले नाही. हे ॲनिमेत कुठीच नव्हतं. आजी म्हणली, हे बरोबर हाये, मी बी सुनेले अशीच बोलतो.

परतीच्या बशीत मी म्हणलं, पुढं काय होते रे? ॲनिमेत तं ती दीपगृहावर चढते, दिवा लावते अन् बरी होते.

तू म्हणला, दिवा लावला अन् किडनीच्या रिपोर्टातलं क्रिएटिनिन उतरलं. वा.

मंग सांगितलं. गेममधी ती मरते. हिरो तिथी नसते. त्याले येऊन समजते.

मी म्हणलं, सुग्या, हे आपण तिथी नाही वाचाचं. मशीनवर पडलेल्या लोकाईपुढं नाही. आजीपुढं तं नाहीच. मंगळवारी मी दीपगृहाचा शेवट वाचतो, ॲनिमेतला. बुढी खुश होईन. कोणाले माहीत पडते?

"लिहिलं तेच वाचाचं," तू म्हणला.

मी म्हणलं, का बरं?

"कारण तिनं आतालोक सगळं खरं ऐकलं. आता शेवटी तिले लहान लेकरू कराचं का?"

मले राग आला. आता विचार करतो तं मी भेलो होतो, पण बाहेर राग आला. मी म्हणलं, हे तू आजीसाठी बोलून राह्यला का तुह्यासाठी?

बस तुह्या फाट्यावर आली. काकू तुले घ्याले उभ्या होत्या. तू उठला, पिशवी खांद्याले लावली अन् म्हणला, "माह्यासाठी. मंग?"

अन् उतरला.

सुग्या, त्या 'मंग'चं उत्तर मी शनिवारी संध्याकाळलोक टाइप केलं, खोडलं, टाइप केलं. तुले मोठा मेसेज पाठवाचा होता. म्हणलं, मंगळवारी समोरासमोरच सांगू.

शनिवारनंतर मंगळवार. मधी एक दिवस जास्त, मशीनबिगर रक्तात घाण साचत राहते. सेंटरवर सगळ्याईले हा मधला लांब गॅप माहीत हाये, सगळे त्याले भेते, कोणी बोलत नाही. रविवारी उजाडताना तुहं हृदय थांबलं. काकू बाजूलेच झोपल्या होत्या, त्याईले समजलंही नाही. त्या तेच तेच सांगून राह्यल्या, मी बाजूलेच होती, मी बाजूलेच होती. तू काई बोलला नाही. ॲनिमे असता तं म्युझिक लागलं असतं, तू एखादा डायलॉग मारला असता, मी पळत आलो असतो. मी झोपून होतो. उठलो तं बाप दारात उभा. तोंडानंच समजलं. इतका फालतू, इतका घाईघाईत लिहिलेला शेवट. ज्यानं कोणी लिहिला त्याले कॉमन रूट कापू नये इतकीही अक्कल नाही. तू बावीसचाही नव्हता झाला बे.

मंगळवारी मी नाही गेलो खामगावले. कायले जाऊ?

बुधवारी काकूंनी बोलावलं. परवा रविवारी तुह्या जलदान विधीचा कार्यक्रम हाये, त्याच्या तयारीत पावणे आलेले, अन् त्या आतल्या खोलीत तुहा फोन घेऊन बसलेल्या. म्हणल्या, त्या आजीच्या पोराचा फोन आलता, माह्यानं काई सांगणं झालं नाही. आजी मंगळवारी विचारून राह्यली होती, गोष्टवाले काऊन नाही आले. मंग म्हणल्या, "तुमचं वाचाचं राह्यलं ना रे? मले त्यातलं काई समजत नाही. तो घरी येऊन सांगे, आज आजी हासली, आज सिस्टर रडली. हे ने अन् पुरं करून ये."

मी म्हणलं, काकू, त्याईले काय सांगू? शिफ्ट बदलली म्हणू का?

काकू माह्याकडं पाहत राह्यल्या. त्याईले ती रीत माहीत नव्हती. म्हणल्या, "तुले जे बरं वाटते ते म्हण बाबा." अन् रडाले लागल्या.

म्हणून कालच्या अख्ख्या बशीत माह्यापुढं एकच प्रश्न. तुह्या गेमसारखा, स्क्रीनच्या मधोमध, दोन पट्ट्या. एक, शिफ्ट बदलली अन् दिवा लावून ती बरी झाली. दोन, जे झालं ते. दोन्ही एकच हायेत हे मले नांदुऱ्याच्या पुढं समजलं. एक बदललं की दुसरंही बदलाच लागते. अन् पहिली पट्टी किती सोपी. दाबली की सगळे खुश, मी संध्याकाळच्या बशीनं घरी.

हॉलमधी गेलो तं तुह्या बेडवर एक नवीन माणूस. त्याच्या डोळ्यात तेच भेव, पहिल्या पहिल्या दिवसाचं. आजीनं मले पाह्यलं, मंग माह्या मागं पाह्यलं, मागं कोणी नव्हतं. तिनं माह्यासाठी दार उघडंच ठेवलं सुग्या. इतक्या मायेनं विचारलं.

"शिफ्ट बदलली का रे त्याची?"

नुसतं हाव म्हणाचं होतं. माही मान अर्धी हललीही होती.

मी म्हणलं, "नाही आजी. सुगत गेला. रविवारी."

सिस्टर पट्टी लावता लावता थांबली. तुह्या बेडवरच्या माणसानं डोळे बंद केले, मले त्याचं लय वाईट वाटलं, त्यानं काय बिघडवलं होतं? मले वाटलं आता कोणीतरी मले बाहेर काढते. रीत मोडली ना मी.

आजीच्या डोळ्यातून पाणी कानाकडं जाऊन राह्यलं होतं. एका हातात सुया, दुसऱ्याले पट्टा, पुसता येईना. मी पुसलं. ती म्हणली, "बरं केलं सांगितलं. मास्तरचं कोणी नाही सांगितलं. सांगितलं नाही तं रडता बी येत नाही ना बाप्पा."

अन् ती रडली. दोघांचं सोबतच रडली, मास्तरचं अन् तुहं. त्या समोरच्या बाई रडल्या, ज्याईनं मास्तरले पाह्यलंही नव्हतं. मी स्टुलावर बसून राह्यलो. सिस्टरनं मले पाणी आणून देलं अन् लगेच लपवून परत नेलं, कारण तिथी सगळ्याईले पाणी मोजून प्या लागते, त्याईच्यापुढं घटाघटा पिणं बरं नाही दिसत.

बऱ्याच वेळानं आजी म्हणली, आणला का फोन? मंग वाच. मी म्हणलं, आजी, आज राहू द्या. पुढचं चांगलं नाही. तं म्हणे, "आतालोक काय चांगलं ऐकलं आज? वाच."

फोन उघडला. तुले माहीत हाये, मले माहीत नव्हतं. आपण तुह्या फोनातच, पण माह्या अकाउंटवरून वाचत होतो, तेव्हा ओळी पांढऱ्या दिसत. काल तुहं अकाउंट उघडलं तं तुह्या बारावीच्या सेव्हमधी सगळ्या ओळी निळ्या. एकदा वाचलेल्या ओळी गेम निळ्या करते. म्हणजे मी वाचून राह्यलो ती ओळ न् ओळ तू आधी एकट्यानं वाचलेली. एकही शब्द बदलाची माही हिंमत नाही झाली. तुह्या मागं मागं चालल्यासारखं वाटत होतं.

वाचलं. तिले ताप चढते. ती हिरोले म्हणते, मले संत्रं खाऊशी वाटते. बाहेर सीझन नाही. तो सायकल काढते, दुसऱ्या गावच्या बाजारात जाते, भेटत नाही, तिसऱ्या गावी जाते. इकडं ती जाते. मी थांबलो. आजीनं विचारलं, "तो पोट्टा कुठी हाये तेव्हा?"

मी म्हणलं, वाटेत. संत्री घेऊन येऊन राह्यला.

"तिले माहीत होतं ना, संत्री येऊन राह्यली म्हणून?"

हाव आजी, तिनंच धाडलं होतं.

"मंग ठीक हाये," आजी म्हणली. "काईतरी येऊन राह्यलं असताना गेली. नुसती पडून नाही गेली."

मले वाटलं संपलं. पण निळ्या ओळी पुढं होत्या. लांबलोक होत्या. हा सीन ॲनिमेत नाही सुग्या, एक सेकंद नाही, त्या जागी ते दीपगृह हाये. हिरो रिकाम्या बेडवर बसते. पिशवीतून एक संत्रं काढते. रडत नाही, बोलत नाही. सोलते. कुठी नख लावलं, साल कशी निघाली, हवेत बारीक फवारा कसा उडाला, बोटाले वास कसा लागला, पांढऱ्या शिरा एकेक करून कशा काढल्या. पानंच्या पानं फक्त संत्रं. मंग एक फोड तोंडात. ती कशी फुटली. आधी आंबट का आधी गोड. मंग दुसरी.

मी वाचत होतो अन् मले एकदम समजलं की मी हे कोणापुढं वाचून राह्यलो. त्या हॉलमधल्या एकालेही संत्रं चालत नाही. संत्रं, मोसंबी, केळ, नारळपाणी, सगळं बंद, पोटॅशियम वाढते अन् तू गेला तसं माणूस जाते. आपल्या जळगाव-संग्रामपूरकडं संत्र्याचे बगीचे, अन् आजीनं कितीक वर्षांत एक फोड तोंडात नाही घातली. वाटलं, ही चूक झाली, लय मोठी चूक झाली. मी घाई करू लागलो, दोन ओळीची एक करू लागलो.

हॉलमधी कोणी हलत नव्हतं. समोरच्या बाईनं गिळल्याचा आवाज मले ऐकू आला. तुह्या बेडवरचा माणूस डोळे बंद करून होता, पण त्याचा जबडा हळूहळू हलत होता, चावल्यासारखा. सिस्टर भिंतीले टेकून उभी.

आजीनं पट्टा लावलेला हात उचलून माह्या मनगटावर ठेवला.

"हळू वाच, लेकरा," ती म्हणली. "फोड न् फोड वाच."